चाल नसलेली माणसं

३ मार्च

ताई,

कॅप्टन दार वाजवत आहेत आणि मी आतून कडी लावून तुला लिहीत बसले आहे. शेजारी नोटेशनचा कोरा कागद ठेवला आहे. दार उघडावंच लागलं तर तो पत्रावर सरकवता येईल.

तुझं पत्र पोचलं. बारकीचा दात पडल्याचं बाबांना सांगितलं. ते "हं" म्हणाले. मग जेवताना मध्येच विचारलं, "वरचा की खालचा?" म्हणजे प्रगती आहे. त्यांचा खोकला कमी आहे. मी बरी आहे. झोप नीट लागत नाही, पण सिनेमा हातात असताना ती कधीच लागत नाही.

भावोजींनी दुकानाची पाटी रंगवायला काढली आहे असं लिहिलंस. आणि या वेळी दोन्ही लिप्यांत, त्यांची नदीपलीकडची लिपी वर. अजून रंगवली नसेल तर थोडं थांबा. सध्या रंग नीट वाळत नाहीत.

"बाई, झोपलात का?" कॅप्टन विचारत आहेत.

"सुचतंय."

"मग जरा मोठ्याने सुचू द्या. आम्हालाही कळेल."

ते सिनेमाचे दिग्दर्शक, फौजेत एक दिवसही नव्हते. शूटिंगला गळ्यात शिट्टी अडकवून फिरतात म्हणून सगळे कॅप्टन म्हणतात. सिनेमा नदीच्या लढाईवर आहे. आपण शाळेत पाठ केली तीच: आपली माणसं, पलीकडची माणसं, मधला पूल. तीन तासांचा सिनेमा. माझ्या आधी दोन संगीतकार सोडून गेले. त्यांनी का सोडलं ते मी विचारलं नाही, कारण मला काम हवं होतं.

संगीत नसलेला सिनेमा तू पाहिला नाहीस. बघण्यासारखा नसतो. सैनिकांच्या मनगटावर घड्याळं दिसतात. घोडे असे चालतात, की कुणीतरी त्यांना पत्ता विचारलाय आणि तो त्यांना आठवत नाहीये. मग त्याच चित्राखाली मी डबल बासचा एक खर्जातला सूर धरून ठेवते, बदलत नाही, सोडत नाही, आणि तेच घोडे अंगावर येतात. घड्याळं कुणाला दिसत नाहीत. कॅप्टन पहिल्याच भेटीत म्हणाले होते, "बाई, घोडे भाड्याचे आहेत. भीती तरी आपली असू दे."

नायकाच्या आईला मी चार सुरांची चाल दिली आहे. ती व्हायोलावर वाजते. व्हायोलिनपेक्षा जरा मोठं, घोगरं वाद्य. सर्दी झालेल्या बाईने गुणगुणावं तसं. ती दाराशी उभी असते तेव्हा चाल वाजते. मुलगा पुलावर एकटा असतो तेव्हा वाजते, आई चित्रात नसते, तरी येते. त्यानंतर आई पडद्यावर येण्याआधीच लोक रुमाल शोधायला लागतात. यात जादू काही नाही. सवय लावायची आणि मग वाट पाहायला लावायची.

पलीकडच्यांसाठी मी एक छोटी चाल केली होती. कॅप्टननी ती ऐकली, पूर्ण ऐकली, आणि म्हणाले, "छान आहे. काढून टाका. त्यांना चाल द्यायची नाही. चाल दिली की माणूस होतो, आणि माणूस झाला की लोकांना कुणाची बाजू घ्यायची ते कळेनासं होतं."

कामाच्या हिशेबाने ते बरोबर होतं. मी काढून टाकली. आता त्यांच्यासाठी मोठे ड्रम आहेत, आणि सिमेंटवर पत्रा ओढल्याचा आवाज, टेप हळू चालवून खाली उतरवलेला. ते पडद्यावर आले की हा आवाज येतो. ते जेवत असले तरी येतो.

शेवटी आपली माणसं त्यांचं गाव जाळतात. त्याचं संगीत द्यायचं राहिलं आहे. तिथे कॅप्टनना त्याच ड्रमवर विजय हवा आहे, लोकांना टाळी धरता येईल असा. ते करून झालं आहे, ताई. आठवड्यापूर्वीच झालं. मी ते दाराबाहेर देत नाहीये इतकंच.

आता उघडते. भावोजींना नमस्कार. पाटीचं लक्षात ठेव.

तुझी
धाकटी


१९ मार्च

ताई,

चाचणीचा खेळ झाला. शहराबाहेरच्या एका लहान थेटरात, दुपारी, लोकांना फुकट बोलावून. त्याबद्दल लिहायचं नव्हतं, पण दुसरं काही लिहायला बसले की तेच येतं.

मी शेवटच्या रांगेत होते. लोक चांगले होते. घरून निघताना स्वच्छ कपडे घालून आलेले. पुढच्या बाईने मांडीवरच्या मुलाला खारे दाणे एकेक करून भरवले. आईच्या चालीला तिने पदर डोळ्याला लावला, मुलाने वर पाहिलं, तिने त्याचं डोकं छातीशी धरलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

मग गाव जळायला लागलं आणि ड्रम सुरू झाले. पहिली टाळी डावीकडून आली. मग सगळं थेटर ड्रमबरोबर टाळ्या वाजवायला लागलं, बरोबर लयीत, एकही चुकला नाही. मी ती लय मुद्दाम चालण्यापेक्षा किंचित जलद ठेवली होती. बसलेल्या माणसाला त्यामुळे उठावंसं वाटतं. लोक उठले. दाणे भरवणारी बाईही उठली, मूल कडेवर घेऊन, आणि त्याचे दोन्ही हात धरून त्याच्याकडून टाळ्या वाजवून घेतल्या.

खेळ सुटल्यावर मी जिन्यात थांबले होते. तिथे बॅटरी घेऊन जागा दाखवणारा एक म्हातारा माणूस होता. "सावकाश उतरा," एवढंच तो म्हणाला. पण बोलण्यात पलीकडची ढब होती, भावोजींची आहे तशी.

एकाने विचारलं, "कुठले तुम्ही, मामा?"

"इथलाच."

"इथला म्हणजे? नदीच्या कुठल्या अंगाचा?"

"इथलाच हो. तीस वर्षं इथेच आहे."

त्यांनी त्याला हात लावला नाही. आठ-दहा जण भोवती उभे राहिले आणि जिन्याच्या लोखंडी कठड्यावर बोटांनी ताल धरला. माझा ताल. तो म्हातारा त्यांच्याबरोबर हसत होता. हसता हसता हातातली बॅटरी लावत होता आणि बंद करत होता, भर उजेडात. मग कुणीतरी म्हणालं, चला, बस जाईल. आणि ते गेले.

मी काहीच केलं नाही. हातातली पर्स दुसऱ्या हातात घेतली.

कॅप्टन खाली गाडीशी उभे होते. आनंदाने त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. "पाहिलंत, बाई? उठले लोक. आग कमी पडते आहे. मी ती आणखी लांबवतो."

सिनेमा २४ एप्रिलला लागतो आहे. तुमच्या गल्लीच्या तोंडावर जे मोठं थेटर आहे, तिथेही. तू बारकीला घेऊन त्या आठवड्यात बाबांकडे ये. शाळा बुडाली तर बुडू दे. भावोजींनीही यावं. दुकानाला कुलूप लावायला काय हरकत आहे, चष्मे काही नासत नाहीत.

बाबांशी मी बोलते.

तुझी
धाकटी


६ एप्रिल

ताई,

तुझं पत्र तीनदा वाचलं. "लग्न केलं म्हणून बाबांनी मला आठ वर्षं दारात उभं केलं नाही, आणि आता सिनेमा लागतोय म्हणून गादी घालून ठेवली आहे का?" मी हसले. मग भावोजींचं वाक्य वाचलं, की त्या लढाईत हरले आमचे, चिडायचं तर आम्ही चिडावं, तुम्ही कशाला घाबरता. तेही हसण्यासारखंच आहे. बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावून बारकीच्या मापाची खाट करायला सांगितली. तू येत नसशील तर त्या खाटेचं काय करायचं ते तूच त्यांना कळव.

पण पत्राच्या शेवटी तू लिहिलंस की बारकी शाळेतून येताना डब्यावर तो ताल वाजवत येते. रेडिओवरून सगळ्या पोरांनी उचललाय, आणि मावशीचा आहे म्हणून ती सगळ्यांच्या पुढे वाजवते. हे तू कौतुकाने लिहिलं आहेस. त्या ओळीवरून मला पुढे जाता येईना. रेकॉर्ड बाजारात आली हे मला माहीत होतं. ती तुझ्या घरात शिरली असेल हे डोक्यात आलं नव्हतं.

आता मुद्द्याचं लिहिते. काल मिक्सिंगला एक चूक झाली, माझ्याकडून.

संवाद, आवाज आणि संगीत वेगवेगळ्या पट्ट्यांवर असतात. मिक्सिंगमध्ये ते चित्राबरोबर एकत्र चालवतात. प्रत्येक चाल कुठे सुरू करायची, त्याची खूण मी द्यायची असते. कॅप्टननी आग लांबवली, म्हणजे त्यानंतरचं सगळं पुढे सरकलं. मी त्यानंतरच्या खुणा सरकवल्या. एक राहिली. आगीनंतर नायक घरी येतो आणि आई दार उघडते, तिथली व्हायोलाची खूण जुन्याच जागी राहिली.

मिक्सिंग करणारे काका, ज्यांना तू माझ्या पहिल्या सिनेमाच्या वेळी भेटलीस, त्यांनी रीळ चालवलं. गाव जळत होतं. ड्रम वाजत होते. जिथे पूर्वी आग संपायची तिथे ड्रम संपले. आग संपली नव्हती. आणि व्हायोला सुरू झाला.

पडद्यावर त्या वेळी पलीकडची एक म्हातारी होती. नव्याने घातलेला तुकडा. भाड्याने आणलेल्यांपैकीच कुणी असेल. ती जळत्या घरासमोर वाकून काहीतरी शोधत होती. बहुतेक तिची चप्पल. एक सापडली होती, ती तिने हातात धरली होती. तिच्यावर आईची चाल वाजत होती. दोन तास आम्ही लोकांना सवय लावली आहे, की हे चार सूर आले की ही आपली आई. शरीर विचारत नाही, ताई. माझ्याही शरीराने विचारलं नाही. मला चूक कळली होती तरी मी रुमाल काढला.

काकांचा हात पट्टी थांबवायला पुढे गेला आणि तिथेच राहिला. रीळ संपलं.

कॅप्टन म्हणाले, "काय होतं ते?"

"खूण चुकली."

"लोक हे ऐकतील तेव्हा काय करतील, माहीत आहे?"

"नाही."

"मलाही नाही," ते म्हणाले. "म्हणून काढा. लोक काय करतील हे माहीत नसलेली गोष्ट मी थेटरात सोडत नाही."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. जाताना दारात थांबून अगदी मऊ आवाजात म्हणाले, "तुमची बहीण पलीकडच्यांत दिली आहे. मला पहिल्यापासून माहीत आहे. मी कधी बोललो नाही. पण हे असं बाहेर गेलं, तर बाकीचे शोधतील, की ही बाई कुणाची कोण. मग त्यांना पत्ता मिळायला किती वेळ लागेल?"

ते धमकी देत नव्हते. त्यांनाही भीती वाटत होती. ती मला त्यांच्या मानेवरच्या घामात दिसली.

ड्रम लांबवून ठेवले, तर थेटरातून उठलेले लोक तुझ्या गल्लीच्या तोंडाशी बाहेर पडतील. व्हायोला ठेवला, तर चुकीच्या माणसांसाठी रडलेले लोक तिथेच बाहेर पडतील, आणि रडवल्याचा राग मारल्याच्या रागापेक्षा कमी असतो असं मला कुणी सांगितलेलं नाही. यातलं कमी धोक्याचं कोणतं ते मला ठरवता येत नाही. मी संगीतातलं सगळं मोजू शकते. टाळी कुठे येईल ते सांगते. जिन्यात काय होईल ते सांगता येत नाही.

उद्या सकाळी काकांना शेवटची खूण द्यायची आहे. कॅप्टन प्रिंटच्या गडबडीत असतील. पुन्हा ऐकायला त्यांना वेळ नाही.

तू ये. भांडायचं असेल तर इथे येऊन भांड.

तुझी
धाकटी


२४ एप्रिल, शुक्रवार, संध्याकाळ

ताई,

तुझ्या स्वयंपाकघरातून लिहिते आहे. तुझी बस वेळेवर पोचली असेल आणि बाबांनी दार स्वतः उघडलं असेल. काय बोलायचं ते ते दोन दिवस ठरवत होते. बहुतेक "प्रवास कसा झाला" एवढंच निघालं असेल. तेवढ्यावर भागव.

भावोजी बरे आहेत. ते यायला तयार नाहीत हे तू म्हणाली होतीस, तसेच आहेत. मी इथे राहायला आले हे त्यांना विचित्र वाटतं आहे. "मेव्हणी पहारा द्यायला आली," असं शेजारच्या मावशींना सांगून ते हसत होते. मी नाही म्हटलं नाही.

त्या खुणेचं सांगते. मी काकांना जुनीच जागा दिली. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"हीच ना?"

"हीच."

"कुणी विचारलंच," ते म्हणाले, "तर मला हल्ली ऐकायला कमी येतं." आणि रीळ चढवलं.

आज दुपारी भावोजींनी दोन तिकिटं आणली. मी खूप नको म्हटलं. "मेव्हणीचा सिनेमा आणि मी घरात? आमची हार आहे, निदान नीट बसून बघतो." मी त्यांच्याशेजारी बसले. थेटर गच्च भरलं होतं. पोरं आत शिरतानाच खुर्च्यांच्या पाठी बडवत होती, रेडिओवर ऐकलेला ताल. खेळ सुरू व्हायच्या आधीच तो तिथे होता. माझ्या हातात काही उरलं नव्हतं हे मला तेव्हा कळलं.

भावोजी अधूनमधून माझ्या कानाशी बोलत होते. "आमच्यात एवढे दाढीवाले नव्हते." "पूल असा नाहीये." मी त्यांना गप्प करत होते, त्यांची ढब कुणी ऐकेल म्हणून.

गाव पेटलं. टाळ्या सुरू झाल्या. पुढच्या रांगा उठल्या. भावोजी बसून होते, हात मांडीवर. आमच्या बाजूचा माणूस टाळ्या वाजवत त्यांच्याकडे बघत होता, की हा का वाजवत नाही. मी त्यांचा हात धरून वाजवायला लावणार होते, ताई. मी खरंच हात पुढे केला होता.

मग ड्रम थांबले आणि व्हायोला आला.

काही लोक ड्रमशिवायच टाळ्या वाजवत राहिले, मग एकेक करून थांबले. उभे होते ते उभेच राहिले. म्हातारी तिची दुसरी चप्पल शोधत होती. भावोजी रडायला लागले. आवाज न करता, पण खांदे हलत होते. मला दुसरं काही सुचेना. रडू नका, मी मनात म्हणत होते, इथे नका, आता नका, सगळ्यांना कळेल तुम्ही कोण ते. मी बाजूच्या माणसाकडे बघितलं.

तो रडत होता. त्याच्या पलीकडचाही. पुढे उभ्या असलेल्या पोरांपैकी एक जण शर्टाची बाही तोंडात धरून उभा होता. मी जिथे पाहिलं तिथे तेच होतं. त्या अंधारात भावोजींना कुणी वेगळं काढू शकलं नसतं. किती वेळ ते असं होतं सांगता येणार नाही. ती चाल लांब नाहीये.

दिवे लागल्यावर सगळे एकमेकांची नजर टाळत होते. जिन्याच्या कठड्यावर कुणी ताल धरला नाही. रस्त्यावर आल्यावर कुणीतरी म्हणालं, "बनवलं आपल्याला." दुसरा म्हणाला, "कुणी केलंय हे संगीत?" पोस्टरच्या पेटीची काच फुटली. फोडणाऱ्याचे डोळे अजून लाल होते. आम्ही पळालो नाही. भावोजी म्हणाले, सावकाश चाला, आणि आम्ही दोन चौक फिरून, मागच्या रस्त्याने घरी आलो.

दार लावल्यावर ते म्हणाले, "ती बाई कोण होती?"

"कुणी नाही. भाड्याने आणलेली."

"हं," ते म्हणाले. आणि चहा टाकला, दोघांना.

आता संध्याकाळचा खेळ सुटेल. मी खिडकी लावून घेतली आहे. उरलेलं सकाळी लिहिते.

शनिवार, सकाळ

संध्याकाळी लोक बाहेर उभे राहून बराच वेळ भांडत होते. आपापसात. गल्लीत कुणी आलं नाही.

सकाळी कॅप्टनचा माणूस थेटरात येऊन ते रीळ बदलून गेला. दुपारच्या खेळापासून तिथे ड्रम असतील. पेपरात माझं नाव आलं आहे. तुझं नाही.

भावोजी नेहमीच्या वेळी दुकान उघडायला निघाले आहेत. मी त्यांच्याबरोबर चालले आहे. घराची किल्ली शेजारच्या मावशींकडे ठेवते.

बारकीला इतक्यात आणू नकोस.

तुझीच
धाकटी